मेंदूच्या दुखापतीची प्राणी-मॉडेल्स : नेमके काय सुधारायचे?

मूषकमित्र (धागाकर्ता)

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही डोक्याला मार लागल्यानंतर मेंदूत येणाऱ्या सुजेवर आणि पेशींच्या नाशावर काम करतो. नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव लवकरच संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे ठेवायचा आहे. त्यापूर्वी येथील डॉक्टर, अभियंते, पशुवैद्य आणि इतर जाणत्या मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

या क्षेत्राचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. रॅटमध्ये गुणकारी ठरलेली औषधे माणसात एकामागून एक निष्प्रभ ठरली. त्यातले ठळक उदाहरण प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे. प्राण्यांवरचे अनेक प्रयोग अनुकूल होते, सुरुवातीच्या लहान मानवी चाचण्याही आशादायक होत्या, आणि डिसेंबर २०१४ मध्ये ८८२ आणि ११९५ रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले : काहीही फायदा नाही. त्यापूर्वी स्टेरॉइडचे झाले ते याहून वाईट. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड न दिलेल्या गटात १७.९ टक्के होते, तर दिलेल्या गटात २१.१ टक्के. वर्षानुवर्षे विश्वासाने टोचले जाणारे औषध प्रत्यक्षात अपाय करत होते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेत इजा करण्याच्या प्रमुख पद्धती मोजक्याच आहेत. एका पद्धतीत कवटीला खिडकी पाडून पिस्टनने मेंदूच्या पृष्ठभागावर ठरावीक वेगाने आणि ठरावीक खोलीपर्यंत आघात करतात. ही कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट. दुसरीत द्रवाच्या दाबाची लाट मेंदूच्या आवरणावर सोडतात. ही फ्लुइड पर्कशन. तिसरीत ठरावीक उंचीवरून वजन सोडतात. स्फोटाच्या अभ्यासासाठी शॉक ट्यूब, म्हणजे हवेच्या दाबाची धडकलाट सोडणारी नळी, वापरतात.

माझे मत असे आहे की नवे यंत्र विकत घेण्यापेक्षा आधी आपल्या सवयी सुधाराव्यात. कोणत्या प्राण्याला कोणत्या गटात टाकायचे हे चिठ्ठीने ठरवावे, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, नर आणि मादी दोन्ही घ्यावेत, औषधाची वेळ वास्तवातली असावी. यंत्राचा प्रश्न त्यानंतरचा. हे मत चुकीचे वाटत असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

रात्रपाळी

मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरी करतो. तुमच्या मताशी निम्मा सहमत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो.

आमच्याकडे येणारा रुग्ण आणि तुमचा रॅट यांच्यात सारखे काय असते, ते पाहावे. लोकलच्या दारातून पडलेला तिशीतला तरुण येतो तेव्हा त्याच्या मेंदूबरोबर तीन-चार बरगड्या आणि मांडीचे हाडही मोडलेले असते. रक्तदाब खाली गेलेला असतो, श्वास नीट नसतो, आणि पुष्कळदा पोटात दारू असते. स्थानकावरून आधी जवळच्या रुग्णालयात, तिथून सीटी स्कॅनसाठी दुसरीकडे आणि मग आमच्याकडे, असा प्रवास होतो; तो पोहोचेपर्यंत किती तास गेले हे नातेवाइकांनाही नीटसे सांगता येत नाही. तुमचा रॅट मात्र निरोगी आणि तरुण. त्याला आधी भूल दिलेली, अंगाखाली गरम पॅड, नाकापुढे ऑक्सिजन, आणि मेंदूखेरीज इतरत्र ओरखडाही नाही. शिवाय बहुतेक प्रयोगशाळांत वापरली जाणारी आयसोफ्लुरेन ही भूल स्वतःच चेतापेशींना काही प्रमाणात संरक्षण देते. लोकलमधून पडणाऱ्या माणसाला पडण्याआधी कोणी भूल देत नाही.

रक्तदाबाचा मुद्दा किरकोळ नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘ट्रॉमॅटिक कोमा डेटा बँक’च्या विश्लेषणात असे दिसले होते की तीव्र दुखापतीच्या रुग्णाचा सिस्टोलिक दाब एकदा जरी नव्वदच्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. मेंदूची दुसरी इजा, म्हणजे आघातानंतर अशा कारणांनी होणारी, इथेच होते आणि औषधाला झुंजायचे असते ते तिच्याशी. ही दुसरी इजा मॉडेलमध्ये नसेल, तर चिठ्ठ्या कितीही प्रामाणिकपणे टाकल्या तरी उत्तर मिळेल ते वेगळ्याच प्रश्नाचे.

वेळेबद्दल तुम्ही बरोबर लिहिले आहे. रॅटला औषध पुष्कळदा इजेनंतर पंधरा मिनिटांत किंवा तासाभरात मिळते. प्रोजेस्टेरॉनच्या त्या दोन चाचण्यांत मुदत होती अनुक्रमे चार आणि आठ तासांची.

पावडर_चाळ

मी या विषयातला नाही, पण एक नम्र सूचना आहे. वयस्कर, आजारी, अर्धपोटी, अनेकदा पडलेला, ट्रॅकवर आणि गटारात वाढलेला आणि प्रत्येक बाबतीत दुसऱ्यापेक्षा वेगळा असा उंदीर हवा असेल, तर परदेशी जातीचे पांढरे रॅट मागवण्याची गरज नाही. पालिकेचे मूषक संहारक रात्री आमच्या चाळीत येतात. त्यांच्याशी सामंजस्य करार करावा.

पशुवैद्य_गोरेगाव

पावडर_चाळ, विनोद आवडला. मात्र लेप्टोस्पायरोसिस घेऊन फिरणारा उंदीर कोणत्याही ॲनिमल हाउसमध्ये पाऊल ठेवू शकत नाही. ठेवलाच तर पुढचे सहा महिने ते बंद ठेवून निर्जंतुक करावे लागेल.

तरीही तुमच्या सूचनेत शास्त्र आहे, हे कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. २०१६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ माउसांबरोबर पाळीव प्राण्यांच्या दुकानातले माउस ठेवले. स्वच्छ माउसांपैकी काही मेले. जे जगले त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसासारखी दिसू लागली. त्याआधी ती नवजात बाळाच्या प्रतिकारशक्तीशी मिळतीजुळती होती. २०१९ मध्ये आणखी एका गटाने प्रयोगशाळेतल्या माउसांचे गर्भ रानटी मादीच्या उदरात वाढवले. २००६ साली लंडनमध्ये ज्या औषधाने सहा निरोगी स्वयंसेवकांना मरणाच्या दारात नेले होते, त्याच प्रकारच्या औषधाचा धोका या माउसांमध्ये दिसला असता. नेहमीच्या माउसांमध्ये तो दिसत नाही. मेंदूला मार लागल्यावरचा दाह हा प्रतिकारशक्तीचाच खेळ असल्यामुळे, ज्या प्राण्याने जन्मात एकही जंतू पाहिलेला नाही त्याच्यावर दाहविरोधी औषध तपासणे मला कायमच खटकत आले आहे.

यंत्रवेल्हाळ

मी हेल्मेट आणि वाहनसुरक्षेच्या क्षेत्रातला अभियंता आहे. धागाकर्त्यांशी माझा मतभेद आहे : यंत्राचा प्रश्न नंतरचा नाही, तो पहिला आहे.

१९४३ साली हॉलबर्न या ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाने मांडले की मेंदूला मुख्य इजा होते ती डोके गरकन फिरल्यामुळे. मेंदूचा पदार्थ दाबाला दाद देत नाही, पण एका थरावरून दुसरा थर सरकू लागला की तो सहज ताणला जातो. आता मेंदूचे आकारमान पाहा. रॅटचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा, माणसाचा सुमारे चौदाशे ग्रॅमचा. तितकाच ताण निर्माण करायला लागणारे कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग वाढण्याचा दर) मेंदूच्या वस्तुमानाच्या दोन-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे रॅटचे डोके माणसाच्या डोक्यापेक्षा जवळजवळ ऐंशी पट त्वरणाने फिरवावे लागेल. ते अवघड असल्यामुळेच सगळ्यांनी सोपा मार्ग धरला आणि कवटी उघडून पिस्टन मारला. ते तंत्रही मुळात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत फेरेट या प्राण्यासाठी विकसित झाले आणि नंतर रॅटवर आले. त्यातून मेंदूच्या एका भागाला छान, मोजूनमापून केलेली जखम होते. मोटारसायकलवरून फेकल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत मात्र इजा सर्वत्र पसरलेली असते, मुख्यतः पांढऱ्या भागातल्या लांब तंतूंना. माणसाच्या मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग हे तंतू व्यापतात. रॅटमध्ये त्यांचा वाटा फारच थोडा, शिवाय त्याचा मेंदू गुळगुळीत, घड्या नसलेला. घडीच्या तळाशी ताण सर्वाधिक साचतो. जिथे घडीच नाही तिथे तो दिसणार कसा?

१९९४ चे मार्मारू यांचे मॉडेल या दिशेने एक पाऊल होते : कवटीवर पोलादी चकती चिकटवायची, रॅटला फोमच्या गादीवर ठेवायचे आणि ४५० ग्रॅमचे वजन दोन मीटरवरून सोडायचे. पसरलेली इजा होते, पण कवटी फुटण्याचा आणि श्वास थांबून प्राणी दगावण्याचा धोका राहतो. २०१४ चे ‘कायमेरा’ मॉडेल अधिक चांगले वाटते, कारण त्यात कवटी बंद राहते आणि आघातानंतर डोके मोकळेपणी फिरू दिले जाते.

पावडर_चाळ

मग सुतारपक्षी घ्या. तो दिवसभर डोके आपटतो आणि त्याला काहीही होत नाही.

यंत्रवेल्हाळ

हेल्मेट विकणारे हे उदाहरण फार आवडीने देतात. २०२२ साली वेगवान कॅमेऱ्याने केलेल्या अभ्यासात दिसले की सुतारपक्ष्याची कवटी धक्का शोषून घेतच नाही. शोषून घेतला असता तर लाकडात भोक कसे पडले असते? त्याचा मेंदू लहान आहे, म्हणून तो सुखरूप राहतो. हाच वरच्या आकारमानाच्या गणिताचा पुरावा समजावा.

मूषकमित्र

यंत्रवेल्हाळ, गणित मान्य आहे. पण यंत्र बदलले की हात आपोआप शुद्ध होतात, असे नाही. आमचे फ्लुइड पर्कशनचे यंत्र सांगतो. सलाइनने भरलेली पारदर्शक नळी असते. तिच्या एका टोकाला पिस्टन, दुसऱ्या टोकाला रॅटच्या कवटीवर डेंटल सिमेंटने बसवलेली छोटी टोपी. लोलकाचा हातोडा ठरावीक कोनातून सुटतो, पिस्टनवर आदळतो आणि दाबाची लाट मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. सगळे काटेकोर वाटते. पण नळीत मुगाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा राहिला तरी लाटेचा आकार बदलतो; पडद्यावर जिथे एकच तीक्ष्ण शिखर दिसायला हवे, तिथे बसकी, दातेरी रेघ उमटते. पिस्टनभोवतीची रबरी कडी कोरडी पडली तर घर्षण वाढते आणि त्याच कोनातून कमी दाब येतो. टोपीच्या कडेने सिमेंटचा थेंब आत गेला असेल तर लाट मेंदूपर्यंत पुरती पोहोचतच नाही. अनेक शोधनिबंधांत केवळ ‘मध्यम तीव्रतेची इजा’ एवढेच लिहिलेले असते. दाबाचा आलेख नाही, श्वास किती वेळ थांबला ते नाही, उताणा ठेवलेला रॅट पुन्हा सरळ व्हायला किती वेळ लागला तेही नाही. एका प्रयोगशाळेची मध्यम इजा दुसरीची सौम्य असते. सवयी आधी, असे मी म्हणालो ते यासाठी.

करुणा_पार्ले

हे सगळे वाचताना मनात येणारा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. एवढ्या अपयशानंतरही हे प्राणी का? १९८४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डोक्याच्या इजेच्या प्रयोगशाळेतून कार्यकर्त्यांनी चित्रफिती बाहेर आणल्या. भूल पुरेशी नसलेली बबून माकडे आणि हसणारे संशोधक जगाने पाहिले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्या कामाचा पैसा थांबवला. आपल्याकडे २०२३ साली औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, अवयवसदृश ऊती आणि संगणकीय पद्धतींना मान्यता मिळाली आहे. मग रॅटची कवटी फोडण्याच्या पद्धती सुधारण्यापेक्षा त्या सोडून देण्यावर ही बुद्धी का खर्च होऊ नये?

रात्रपाळी

करुणाताई, प्रश्न योग्य आहे. त्या फितींमध्ये जे दिसले त्याचे समर्थन कोणीही करू नये. मात्र त्याच काळातल्या माकडांवरच्या कामातून हेही कळले, की डोक्यात गाठ किंवा रक्तस्राव नसतानाही माणूस खोल बेशुद्धीत का राहतो : केवळ फिरण्याच्या त्वरणाने तंतूंना पसरलेली इजा होते. माझ्या वॉर्डात स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसणारे, तरीही डोळे न उघडणारे रुग्ण असतात. त्यांच्या नातेवाइकांना मी जे समजावतो, ते त्या ज्ञानावर आधारलेले असते.

बशीतल्या ऊतीला कवटी नसते. आमच्या दगावणाऱ्या रुग्णांपैकी निम्मे कवटीच्या बंद पेटीत मेंदू सुजल्यामुळे दगावतात. रक्तप्रवाह नाही, दाब नाही, ताप नाही, न्यूमोनिया नाही, अशा ऊतीवर औषध तपासून मी ते रुग्णाला कोणत्या भरवशावर द्यावे?

यंत्रवेल्हाळ

करुणा यांच्या म्हणण्यातला संगणकाचा भाग मात्र मी उचलून धरेन. तंतूंवर किती ताण आला की ते मोडतात, हे एकदा प्राण्यांवरून आणि ऊतींवरून कळले की कोणत्या दिशेच्या आघातात ताण कुठे साचेल हे संगणकावर काढता येते. त्यामुळे प्राणी संपत नाहीत, पण आंधळेपणाने वाया जाणारे कमी होतात. एक दुरुस्तीही करतो : आघाताच्या क्षणी तंतू तटकन तुटतात, ही समजूत जुनी आहे. १९८० च्या दशकातच प्राण्यांवर दिसले की बहुतेक तंतू ताणले जातात, आत वाहतूक अडते, फुगवटा येतो आणि काही तासांनी ते सुटतात. उपचाराला खिडकी आहे ती त्या काही तासांची.

सरासरी

संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा आकड्यांचा हिशोब मीच मागतो.

धागाकर्ते म्हणतात की चिठ्ठ्या आणि गुप्तता पाळली की पुष्कळ सुधारेल. सुधारेल, पण ते ज्या अर्थाने समजतात त्या अर्थाने नाही. अमेरिकेत ‘ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी’ नावाचा उपक्रम झाला. तीन वेगळ्या केंद्रांत रॅटची तीन वेगळी मॉडेल्स, तेच औषध, त्याच मात्रा, आणि मोजणाऱ्यांना गट अज्ञात. पहिल्या पाच औषधांचे निकाल २०१६ मध्ये आले. निकोटिनामाइड, एरिथ्रोपोएटिन, सायक्लोस्पोरिन, सिमव्हॅस्टॅटिन आणि लेव्हेटिरासेटम यांपैकी सर्वांत आश्वासक ठरले शेवटचे, फिटांवरचे साधे, जुने औषध. तेही सर्वच कसोट्यांवर नव्हे. इतरांनी इतर प्रयोगशाळांतून आणलेली कीर्ती या चाळणीत टिकली नाही. काटेकोर पद्धतीने नवे औषध सापडत नाही. खोटे औषध लवकर गळते, आणि तेही माणसांवर कोट्यवधी खर्चण्याआधी. माझ्या मते एवढे पुरेसे मोठे काम आहे.

आता दोन गोष्टी ज्या नीतिसमित्या क्वचितच विचारतात. पहिली, तुलनागट. कवटीला खिडकी पाडलेला पण आघात न केलेला प्राणी ‘निरोगी’ म्हणून धरला जातो. २०११ च्या एका अभ्यासात दाखवले गेले की ड्रिलने खिडकी पाडल्यानेच मेंदूत दाह आणि वर्तनातले दोष निर्माण होतात. म्हणजे आपण ज्याला शून्य समजतो ते शून्य नाही. ज्याला हातही लावलेला नाही असा आणखी एक गट ठेवावा, निदान प्रकल्पाच्या सुरुवातीला.

दुसरी, आपण मोजतो काय? एकाच पिंजऱ्यातले, एकाच आईचे चार रॅट म्हणजे चार स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. नमुना आठ-दहांचा असतो आणि परिणाम मोठा दिसला तरच निबंध छापला जातो. त्यामुळे छापलेला परिणाम खऱ्यापेक्षा फुगलेलाच असतो. त्या फुगलेल्या आकड्यावरून पुढचा नमुना ठरवला की चूक पिढीजात होते.

करुणा_पार्ले

सरासरी यांचा प्रतिसाद वाचून माझी भूमिका थोडी नेमकी करते. प्राण्यांवर प्रयोग होणारच असतील, तर अपुरा नमुना घेऊन निष्कर्षच निघणार नाही असा प्रयोग करणे हे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे क्रौर्य आहे. ‘कमी प्राणी वापरा’ एवढेच म्हणणाऱ्या आमच्यातल्या मंडळींनीही हे ऐकायला हवे.

मीनाक्षी_ठाणे

मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. वय चौऱ्याहत्तर, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्या दिवशी काही वाटले नाही. काही आठवड्यांनी त्या नातवाचे नाव विसरू लागल्या, चालताना एका बाजूला झुकू लागल्या, आम्ही वयाला दोष दिला, आणि मग स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेले रक्त दिसले. शस्त्रक्रियेने त्या बऱ्याच सुधारल्या. तुमच्या चर्चेत लोकल आहे, मोटारसायकल आहे. म्हाताऱ्या रॅटवर कोणी प्रयोग करते का?

मूषकमित्र

मीनाक्षीताई, फार थोडे लोक करतात, आणि कारण शास्त्रीय नसून हिशोबाचे आहे. आमच्याकडचे रॅट साधारण दोन-तीन महिन्यांचे असतात, म्हणजे ऐन तारुण्यातले. वृद्ध म्हणण्याजोगा रॅट दीड-दोन वर्षांचा. तेवढा काळ त्याचा पिंजरा, खाद्य आणि वातानुकूलन कोणत्या खात्यातून द्यायचे? प्रकल्प तीन वर्षांचा आणि रॅटला म्हातारे होण्यातच त्यातली दोन जातात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या वृद्ध प्राण्यावर काम तर आणखीच विरळ.

लिंगाचेही तेच. वर्षानुवर्षे बहुतांश प्रयोग नरांवर झाले, मादीचे हार्मोन-चक्र गुंतागुंत वाढवते या सबबीखाली. विरोधाभास असा की प्रोजेस्टेरॉनची सगळी कथाच मादीपासून सुरू झाली : डॉनल्ड स्टाइन यांना दिसले की मेंदूला इजा झाल्यावर मादी रॅटना नरांपेक्षा कमी सूज येते, आणि हार्मोनची पातळी जास्त असताना तर फारच कमी.

पशुवैद्य_गोरेगाव

देखभालीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. रॅट निशाचर आहे. आपण त्याची स्मरणशक्ती सकाळी अकरा वाजता तपासतो, म्हणजे त्याच्या मध्यरात्री. शहरातल्या एका ॲनिमल हाउसमध्ये सल्लागार असताना शेजारी मेट्रोच्या खांबांसाठी पायलिंग सुरू झाले. त्या महिन्यांतले पाण्याच्या चक्रव्यूहाचे (पाण्याखाली लपलेला मंच रॅटने शोधायचा, अशा स्मरणचाचणीचे) सगळे आकडे तुलनागटातही बिघडले होते आणि संशोधक औषधाच्या मात्रेत दोष शोधत होते. मुंबईत काम करणाऱ्याने कंपनमापक बसवावा. त्याची किंमत एका प्रयोगाच्या खर्चापुढे काहीच नाही.

वेदनाशामकाचा प्रश्नही टाळता येणार नाही. ‘औषधामुळे दाह बदलेल’ असे कारण देऊन वेदनाशामक न देणारे प्रस्ताव मी समितीत पाहिले आहेत. रुग्णालयात असा एकही रुग्ण नसतो ज्याला वेदनाशामक मिळत नाही. मग न दिलेला रॅट वास्तवाच्या जवळचा कसा? बुप्रेनॉर्फिन या वेदनाशामकासाठी अमली पदार्थांच्या कायद्याखालची कागदपत्रे करावी लागतात, ही खरी अडचण असते. ती शास्त्रीय कारणाच्या वेशात मांडू नये.

घड्या असलेला मेंदू हवा असेल तर डुक्कर. डोके वीसेक मिलिसेकंदांत गरकन फिरवून केलेल्या इजेत त्याच्या पांढऱ्या भागात माणसासारखेच फुगलेले तंतू दिसतात. पण मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव संस्थेच्या समितीवर संपत नाही, तो केंद्रीय समितीकडे, म्हणजे सीसीएसईएकडे जातो. शिवाय इजेनंतर बेशुद्ध डुकराला दिवसरात्र सांभाळायला अतिदक्षता विभाग आणि प्रशिक्षित माणसे लागतात. मुंबईतल्या जागेच्या भावात हे कोण उभे करणार?

यंत्रवेल्हाळ

डुकराबाबत पशुवैद्यांशी सहमत. सगळ्यांनी ते करू नये. देशात एखादे केंद्र असावे, आणि रॅटच्या चाळणीतून टिकलेले औषधच तिथे जावे.

मूषकमित्र

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण चर्चेमुळे प्रस्तावात प्रत्यक्ष बदल झाले आहेत.

आघाताची पद्धत फ्लुइड पर्कशनचीच ठेवतो, कारण आमचे हात तिच्यावर बसलेले आहेत आणि ती एकाच वेळी जागेवरची जखम आणि थोडीफार पसरलेली इजा दोन्ही देते. प्रत्येक प्राण्याचा दाबाचा आलेख आणि सरळ होण्याचा वेळ जपून ठेवून निबंधाबरोबर खुला करू. रात्रपाळी यांच्या सांगण्यावरून, इजेनंतर ऑक्सिजन कमी केलेला एक गट वाढवतो. नर-मादी समान. वृद्ध रॅट सर्व गटांत परवडणार नाहीत. तरुण रॅटमध्ये परिणाम दिसला तरच दुसऱ्या टप्प्यात ते घेऊ, पण त्यांची पैदास पहिल्याच दिवशी सुरू करू. चाचण्या उलट्या प्रकाशचक्रात, म्हणजे दिवसा अंधार आणि रात्री उजेड ठेवून. पशुवैद्यांनी सुचवलेले जंतुसहवासाचे प्रयोग आमच्या ॲनिमल हाउसमध्ये शक्य नाहीत, ते सोडतो.

एक अडते आहे. अंतिम निकष कोणता ठेवू? पाण्याच्या चक्रव्यूहात लपलेला मंच शोधण्याची वेळ हा रूढ निकष आहे.

रात्रपाळी

सहा महिन्यांनी ओपीडीत येणारी बायको मला असे विचारत नाही की नवऱ्याला रस्ता आठवतो का. ती विचारते की तो इतका चिडका का झाला, कामावर का टिकत नाही, दिवसभर झोपून का असतो. चक्रव्यूह ठेवा, पण पुढाकार घेणे, चिडचिड आणि झोप यांचेही मोजमाप ठेवा, आणि ते महिन्याभराने नव्हे तर निदान तीन महिन्यांनी करा.

त्याखेरीज रक्तातले जीएफएपी मोजा. हे प्रथिन इजा झालेल्या मेंदूतून रक्तात येते. सौम्य दुखापतीत सीटी करायचा की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकेत २०१८ साली ज्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, तिच्यातल्या दोन प्रथिनांपैकी ते एक. सरासरी यांनी उल्लेखलेल्या उपक्रमातही पहिल्या दिवसाच्या जीएफएपीचा पुढे नष्ट होणाऱ्या ऊतीशी चांगला मेळ बसला होता. तुमचा रॅट आणि माझा रुग्ण यांच्यात एकाच पट्टीने मोजता येईल असे फारच थोडे आहे. त्यातले हे एक.

सरासरी

मुख्य निकष मात्र एकच जाहीर करा, आणि तो प्रयोग सुरू होण्याआधी. पाच मोजली तर एखादे योगायोगानेही अनुकूल दिसेल. ऑक्सिजन कमी केलेल्या गटात अधिक प्राणी दगावतील, हे धरूनच संख्या काढा, आणि दगावलेले हिशोबातून वगळू नका. औषधाने अत्यवस्थ प्राणी जगले, तर जगलेल्यांची सरासरी बिघडलेली दिसेल आणि चांगले औषध वाईट ठरेल.

मूषकमित्र

हे लक्षात आले नव्हते. मृत्यूला सर्वांत वाईट निकाल धरून सगळ्या प्राण्यांची एकत्रित श्रेणी वापरतो. रात्रपाळी, औषधाची पहिली मात्रा इजेनंतर किती वेळाने द्यावी यासाठी तुमच्याकडच्या रुग्णांच्या पोहोचण्याच्या वेळा मिळू शकतील का?

रात्रपाळी

रुग्णालयाच्या नीतिसमितीच्या परवानगीशिवाय आकडे देता येणार नाहीत. तुम्ही रीतसर अर्ज करा, मी सहसंशोधक म्हणून सही करतो. तोपर्यंत प्रस्तावात चार तास लिहा. त्याहून कमी लिहिले आणि औषध चालले, तर ते माझ्या काहीही उपयोगाचे नाही.